वीवरचा ‘रेड स्टील’ खेळून निराशा झाली. माझा हात वाईट की गेम?

तुम्ही लिहिलंय की पीसीवर तुमचा नेम बरा आहे, पण सेकंडहँड घेतलेल्या निन्टेन्डो वी या गेम कन्सोलवर ‘रेड स्टील’ हा बंदूक-तलवारीचा गेम लावला की धड वळता येत नाही आणि तलवार भलतीकडेच फिरते. हाताला दोष देऊ नका. माझा मामा बोटीवर होता. त्याने आणलेला वी आमच्या म्हापशाच्या घरी अजून टीव्हीखाली आहे, आणि ज्या ज्या पोराने हा गेम लावला त्याचं रडगाणं हेच.

पेच असा आहे. टीव्हीवर ठेवतो त्या ‘सेन्सर बार’मध्ये सेन्सर नसतोच, दोन टोकांना इन्फ्रारेड दिवे असतात. कॅमेरा असतो हातात धरायच्या रिमोटच्या तोंडाशी. ते दोन ठिपके कुठे दिसतात यावरून रिमोट कुठे रोखलाय ते ठरतं. नुसता नेम धरायला ही युक्ती झकास, मला तर अंगठ्याने फिरवायच्या अॅनालॉग स्टिकपेक्षा सरस वाटते. पण फर्स्ट पर्सन शूटरमध्ये, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून बघत खेळायच्या गोळीबाराच्या गेममध्ये, त्याच हाताने वळायचंही असतं. माउस पॅडच्या कडेला गेला तर उचलून परत मध्ये ठेवता येतो, रिमोटचं तसं नाही. म्हणून पडद्याच्या मधोमध एक न दिसणारी चौकट ठेवतात. रोख चौकटीच्या आत असला की बंदूक हलते, बाहेर गेला की मान वळते. आता मागून कोणी गोळ्या घालायला लागला की माणूस काय करणार? हात जोरात वळवणार. झालं, कॅमेऱ्याला दिवे दिसेनासे होतात आणि ऐन वेळी गेमला तुमचा हातच सापडत नाही.

तलवारीचं दुखणं वेगळं. ‘रेड स्टील’ 2006 मध्ये वीबरोबरच बाजारात आला, आणि त्या रिमोटमध्ये हालचाल ओळखायला फक्त अॅक्सेलेरोमीटर होता. झटका बसला हे त्याला कळतं, पण पातं नेमकं कुठे वळलंय हे नीट कळत नाही. रिमोट आडवा धरून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा, गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने काहीच बदललेलं नसतं. त्यामुळे गेम आडवा वार की उभा एवढंच ओळखतो आणि ठरलेली हालचाल दाखवतो. हातात तलवार असल्याचं स्वप्न दाखवायचं आणि द्यायचं बटण, हा राग मला अजूनही आहे.

शिवाय ऊन आणि ज्योत यांतही इन्फ्रारेड असतं. टीव्हीशेजारच्या खिडकीतून दुपारचं ऊन आलं की रोख थरथरतो. चवथीला आमचं मखर टीव्हीला लागूनच असायचं. समई पेटली की बंदूक वळायची थेट गणपतीकडे! आजी म्हणायची, ‘अरे, चवथीला तरी बंदुका ठेवा बाजूला.’ (बार बिघडला तर दोन मेणबत्त्या थोड्या अंतरावर लावूनही काम भागतं, ते याच कारणाने.)

वी विकू नका मात्र. ‘मेट्रॉइड प्राइम 3’ (2007) खेळून बघा, रिमोटने नेम कसा लागतो ते तिथे कळेल. ‘द कंड्युइट’ (2009) गेम म्हणून बेताचाच आहे, पण ती चौकट किती मोठी हवी आणि वळण्याचा वेग किती, हे सगळं आपल्याला लावून घेता येतं. चौकट थोडी लहान करून सुरुवात करा. आणि आता निन्टेन्डोच्याच स्विच या कन्सोलवर ‘डूम’ या शूटरमध्ये जायरो (जायरोस्कोप, हात किती वळला ते मोजणारा सेन्सर) चालू केला की स्टिकने वळायचं आणि मनगटाने फक्त शेवटचा बारीक नेम साधायचा. दोन कामं वेगळी झाली आणि भांडणच मिटलं.

तलवारच हवी असेल तर ‘रेड स्टील 2’ (2010) घ्या. कथा वेगळीच आहे, पहिला पुरा केला नाही तरी अडत नाही. फक्त त्याला जायरोस्कोपवालं ‘मोशनप्लस’ लागतंच. जुना रिमोट असेल तर त्याच्या बुडाला लावायचा तुकडा शोधा, किंवा ज्या रिमोटवर ‘मोशनप्लस इनसाइड’ असं छापलंय तोच बघून घ्या.