आण्णांच्या पाच मोटरी

प्रश्न आहे : नाव ना प्रसिद्धी, तरी विसरता येत नाही असा कुणी कष्टकरी माणूस तुमच्या पाहण्यात आहे का?

आहे. माझे वडील. घरात आम्ही आण्णा म्हणायचो, बाहेर सगळे मेस्त्री म्हणायचे. सोलापुरात साखर पेठेत त्यांचं मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार बसवायचं, दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची खोली; दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. पस्तीसेक वर्षं ते तिथं जळालेल्या मोटरी भरत बसले.

बाहेरगावच्या लोकांना सोलापूर म्हटलं की चादर आठवते. ती चादर ज्या यंत्रमागावर निघते, तो मोटरीवर फिरतो आणि ती मोटर जळते. कारणं ठरलेली. मागाच्या खोलीत सुताचा भुसा उडत असतो, तो मोटरीच्या पंख्याच्या जाळीत बसतो आणि आतली उष्णता आतच राहते. नाहीतर तीनपैकी एका फेजचा फ्यूज उडतो, मोटर घुं करत उरलेल्या दोन फेजवर ओढत राहते आणि बघता बघता धूर. त्यात आमच्याकडचा एप्रिल-मे. मोटर कशानं जळाली हे आण्णा नुसत्या वासावरून सांगायचे, असं त्यांच्या हाताखालचा पोरगा म्हणायचा. मला ते कधी जमलं नाही. मला सगळे वास सारखेच.

काम किचकट. जुनी तार काढताना वेढे मोजून ठेवायचे, तारेचा गेज, म्हणजे जाडी, बघायची, खाचांत नवा कागद घालायचा, एकेक कॉइल हातानं बसवायची, वर बांबूच्या चिपा ठोकायच्या, दोऱ्यानं बांधायचं, मग वॉर्निश. ते वाळवायला आमच्या घराची गच्ची. उन्हाळ्यात आईच्या कुरडया एका बाजूला आणि मोटरी दुसऱ्या बाजूला. वेढे मोजताना चूक झाली की मोटर चालते खरी, पण गुरगुरते आणि तापते. म्हणून मोजताना आण्णांशी कुणी बोलायचं नाही. ते मोजायचे तेलुगूत. ओकटी, रेंडू, मूडू... आम्ही मराठी, घरात तेलुगूचा गंध नाही. पण त्यांचे उस्ताद पद्मशाली, म्हणजे इथल्या तेलुगू विणकर समाजातले होते, काम त्यांनी ज्या भाषेत शिकवलं त्याच भाषेत आकडे डोक्यात बसले. वाण्याचा हिशेब मराठीत, तारेचा तेलुगूत.

आता मुख्य गोष्ट. मोटर भरायला दोन-तीन दिवस लागतात. विणकराची मजुरी पीसवर, जेवढे नग विणले तेवढीच, म्हणजे तेवढे दिवस माग बंद तर मजुरीही बंद. चार मागांच्या छोट्या कारखानदाराचीही तीच गत, त्याच्याकडं जादा मोटर कुठली? म्हणून आण्णांनी भंगारातून मोटरी उचलून, स्वतः भरून, पाच 'बदली' तयार केल्या होत्या. छिन्नीनं अंगावर १ ते ५ आकडे ठोकलेले. जळालेली घेऊन या, बदली लावून जा, तुमची झाली की परत आणा. भाडं नाही. पंधरा-वीस किलोचा तो ऐवज सायकलच्या कॅरेजला बांधून कित्येकदा स्वतःच पोचवायला जायचे, अगदी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत.

एवढं वाचून माणूस देवासारखा वाटेल, तसं नव्हतं. तापट होते. तंबाखू शेवटपर्यंत सुटली नाही. माझ्या शाळेत एकदाही आले नाहीत. मी कितवीत आहे हे दुसऱ्या कुणी विचारलं तर आईकडं बघायचे. आणि एका उन्हाळ्यात पाचही बदल्या बाहेर असताना त्यांनी आमच्या घराच्या पाण्याची मोटर काढून एका विणकराला दिली. सोलापुरात पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा तीन-चार दिवसांचं भरून ठेवावं लागतं. त्या दिवशी आईनं खालच्या नळावरून घागरींनी दुसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं आणि पुढचे आठ दिवस त्यांच्याशी शब्द बोलली नाही. मला विचाराल तर त्या मोटरीचं पुण्य आईच्या नावावर लिहायला पाहिजे. आण्णांनी नुसता नट सोडवला होता.

गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या जत्रेला मात्र दरवर्षी न्यायचे. आम्हा दोघा भावंडांना, शिवाय हाताखालच्या पोराच्या बहिणींना. एका वर्षी आकाशपाळण्याच्या रांगेत आमचा नंबर आला आणि आण्णा कान टवकारून उभे. "बेअरिंग गेलंय बे ह्याचं," म्हणाले आणि आम्हाला बाहेर काढलं. आम्ही भोकाड पसरलं. ते पाळणेवाल्याकडं गेले, वाद घातला आणि शेवटी रात्री पाळणा बंद झाल्यावर स्वतः बेअरिंग बदलून आले. पैसे किती घेतले ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चार वेळा फुकट बसलो.

२०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं, माग थांबले. जळायलाच काही नाही. पुढं जरा सूट मिळाल्यावर त्यांनी अडकलेली कामं उरकली आणि पहिल्यांदाच पाचही बदल्या एका वेळी दुकानात आल्या. मी तोवर त्या एकत्र कधी बघितल्याच नव्हत्या. आण्णांना ते बघवेना. रोज सकाळी जायचे, बेअरिंग जाम होऊ नये म्हणून पाचही शाफ्ट हातानं फिरवायचे, कुलूप लावून परत यायचे. "हितं बसून काय करतंयत त्या," असं काहीतरी पुटपुटायचे.

ते जाऊन आता तीन वर्षं झाली. मी बँकेत नोकरी करतो, दुकान हाताखालचा पोरगा चालवतो. त्याला आता पोरगा म्हणणं शोभत नाही. आण्णा गेले तेव्हा दुकानात दोनच बदल्या होत्या, १ आणि ५. बाकीच्या कुठं आहेत ते कशात लिहिलेलं नव्हतं. वर्षभरात २ परत आली. ३ चा अजून पत्ता नाही.

मागच्या महिन्यात मी दुकानात बसलो असताना दत्तनगरकडचे एक म्हातारे कारखानदार रिक्षातून मोटर घेऊन आले. जळालेली. अंगावर ४. म्हणाले, आण्णांनी दिलेली होती, परत करायची राहूनच गेली, आता भरून द्या, पैसे देतो. आमचीच मोटर आम्हीच पैसे घेऊन भरायची का, यावर मी नि पोरगा एकमेकांकडं बघत राहिलो. तेवढ्यात म्हातारबाबा म्हणाले, "तवर बदली देताय न्हवं? माग उभा आहे."

पोरग्यानं १ नंबर उचलून रिक्षात ठेवली.