मरीनला ‘नौसैनिक’ म्हणावे का?

अमेरिकेत राहणाऱ्या एक वाचक ताई शेजारीणबाईंच्या दिवंगत वडिलांची आठवणींची वही मराठीत आणत आहेत. हे गृहस्थ 1946 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, अमेरिकेच्या मरीन कोअर या दलात भरती झाले. आधी ग्वाम बेटावर आणि मग चीनमधल्या त्सिंगताव बंदरात त्यांची नेमणूक होती. ताईंनी मथळा दिला, ‘एका तरुण नौसैनिकाची युद्धोत्तर सेवा’. शेजारीणबाईंनी अर्थ विचारला, ताईंनी ‘नौसैनिक’चा अर्थ ‘सेलर’ असा सांगितला, आणि बाईंचा चेहराच उतरला. बाबांना कुणी सेलर म्हटले की ते दिवसभर धुसफुसत, असे त्यांनी सांगितले. तर ‘मरीन’ला मराठी शब्द कोणता, हा ताईंचा पहिला प्रश्न. शिवाय वहीतले ‘बूनडॉक्स’ आणि ‘गंग-हो’ हे दोन शब्द अडले आहेत.

ताई, मथळ्यातले ‘एका’ सोडून बाकीचे चारही शब्द मला खुपले. पण आधी मरीन.

‘नौसैनिक’ म्हणजे नौदलाचा सैनिक: जहाज हाकणारा, त्याची यंत्रे सांभाळणारा, त्यावरच्या तोफा डागणारा. मरीन हा जहाजातून जाऊन किनाऱ्यावर उतरणारा आणि तिथून पायदळासारखा लढणारा शिपाई. मरीन कोअरचा जन्मदिवस 10 नोव्हेंबर 1775 मानतात. ते कागदोपत्री नौदल खात्याखाली असले तरी नौदलाहून वेगळे दल आहे. ‘सेलर’ म्हटलेले मरिनाला खपत नाही आणि ‘सोल्जर’ म्हटलेलेही नाही, कारण इंग्रजीत तो शब्द लष्करवाल्यांचा. आपला ‘सैनिक’ मात्र सगळ्यांना सामावून घेतो, तेवढी सोय मराठीत आहे.

गंमत अशी की, हा शब्द आपल्याकडे नवा नाही. चर्चगेटहून विरारची गाडी पकडली की पहिले स्टेशन कोणते? मरीन लाइन्स. आपल्याला वाटते समोर समुद्र आहे म्हणून मरीन, आणि रेल्वेचे रूळ आहेत म्हणून लाइन्स. मीसुद्धा बरीच वर्षे तसेच समजत होतो. ते नाव आले ‘मरीन बटालियन लाइन्स’वरून. ‘लाइन्स’ म्हणजे शिपायांच्या बराकींच्या रांगा, आपण ‘पोलीस लाइन’ म्हणतो तशा. आणि ही मरीन बटालियन म्हणजे कंपनी सरकारने 1777 साली उभी केलेली देशी शिपायांची पलटण. तिच्यातले शिपाई जहाजांवर पाठवले जात. म्हणजे मूळ अर्थाने अगदी अस्सल मरीन. त्याच काळात ‘बॉम्बे मरीन’ हे कंपनीच्या मुंबईतल्या सबंध आरमाराचेच नाव होते. 1830 साली ते बदलून ‘इंडियन नेव्ही’ झाले. तेव्हा मुंबईतच ‘मरीन’चे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते, एक आरमार आणि दुसरा आरमारावरचा शिपाई. आजचा घोळ त्याच घरातला आहे.

घोळ वाढवायला वर्तमानपत्रांनीही हातभार लावला. 2012 साली केरळच्या किनाऱ्यावर इटालियन जहाजावरून झालेल्या गोळीबारात दोन मच्छीमार मारले गेले, तेव्हा बातम्यांत इटालियन ‘मरीन’चे सर्रास ‘नौसैनिक’ झाले. तिथे ते चालून गेले, कारण त्यांची तुकडी इटलीच्या नौदलातलीच होती. आपल्या नौदलाचे 1987 साली उभे राहिलेले ‘मार्कोस’, म्हणजे मरीन कमांडो, हेही नौदलाचेच. अमेरिकी मरिनाला मात्र ते माप बसत नाही.

मग काय म्हणावे? ‘आरमारी शिपाई’ मला फार आवडतो. आंग्र्यांच्या गुराबा-गलबतांवर शिडे सांभाळणारे खलाशी वेगळे आणि शत्रूच्या जहाजावर उडी घेणारे हत्यारबंद लोक वेगळे असत. पण 1948 साली त्सिंगतावच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या पोराला आरमारी शिपाई म्हटले की त्याच्या कमरेला तलवार दिसायला लागते. ‘सागरी सैनिक’ सरकारी परिपत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो. ‘नौदलाचे पायदळ’ ही व्याख्या झाली, नाव नव्हे. माझे मत विचाराल तर सरळ ‘मरीन’च ठेवा. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेले आहे, अपशिंगे मिलिटरी, आणि त्या नावाला कुणी परके म्हणत नाही. फक्त ‘मरीन सैनिक’ करू नका, तो पिवळा पीतांबर होईल.

शब्द ठेवायचा तर त्याला मराठी घरात वागवा. पोलीस, पोलिसाला, पोलिसांनी. वकील, वकिलाला, वकिलांनी. तसेच मरीन, मरिनाला, मरिनांनी. सामान्यरूप होताना ‘री’ ऱ्हस्व होतो. ‘मरीन्सनी’ लिहिलेत तर इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढतो आणि वाचताना दाताखाली खडा येतो.

आता मथळ्यातला ‘तरुण’. सतरा वर्षांच्या मुलाला आपण तरुण म्हणू खरे, पण मराठीत त्या वयाला याहून नेमका शब्द आहे: पोरसवदा. ज्याच्या मिसरुडाला नुकती कुठे सुरुवात झाली आहे तो. ‘तरुण जवान’ असेही लिहू नका. ‘जवान’ या फारसी शब्दाचा अर्थच तरुण, आणि संस्कृतातला ‘युवन्’ त्याचा सख्खा नातलग. सैनिकाला जवान म्हणायची आपल्याला इतकी सवय झाली आहे की पन्नाशीचा सुभेदारही जवान ठरतो.

‘युद्धोत्तर सेवा’ हा जोड तर नक्कीच बदला. ‘सेवा’ आपण देवाची करतो, आजाऱ्याची करतो. फौजी माणूस घरी बोलताना ‘मी सेवा बजावली’ म्हणत नाही. निवृत्तीच्या समारंभात गळ्यात हार पडल्यावर दुसरा कुणीतरी त्याच्याविषयी तसे बोलतो. तो स्वतः म्हणतो, ‘नोकरी झाली’. पंधरा वर्षे नोकरी झाली, त्यातली तीन बर्फात. वहीतला माणूस ज्या काळात ग्वामच्या वाटेवर होता त्याच काळात, 1946-47 मध्ये, जपानचा ताबा घेतलेल्या राष्ट्रकुल फौजेत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, होती. ज्या ब्रिगेडमध्ये ती होती तिचे प्रमुख होते थिमय्या, पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले ते. सातारा-कोल्हापूरकडची ती माणसे हिरोशिमाच्या शेजारच्या मुलखात पहारे देऊन गावी परतली तेव्हा ‘जपानात नोकरीला होतो’ असे म्हणाली असतील, ‘युद्धोत्तर सेवेत होतो’ असे खात्रीने नाही.

आणि ‘युद्धोत्तर’ ऐकून वाचकाला वाटेल की सगळे शांत झाले होते. जपानने शरणागती पत्करल्यावर 30 सप्टेंबर 1945 पासून उत्तर चीनमध्ये सुमारे 50,000 मरीन उतरले. तिथल्या जपानी फौजेची शस्त्रे काढून घ्यायची आणि सैनिकांना, नागरिकांना मायदेशी धाडायचे, हे काम होते. त्सिंगतावची जपानी शिबंदी 25 ऑक्टोबरला शरण आली. पण तोवर चीनमधल्या यादवीने पुन्हा पेट घेतला होता. रेल्वेमार्ग, पूल, कोळशाच्या गाड्या राखत हे मरीन राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट या दोन चिनी पक्षांच्या मधोमध उभे राहिले. 29 जुलै 1946 रोजी आनपिंगजवळ त्यांच्या ताफ्यावर दबा धरून हल्ला झाला आणि मरीन मारले गेले. 1949 मध्ये कम्युनिस्ट फौजा त्सिंगतावला आल्या तेव्हा उरलेल्यांनी तिथून मुक्काम हलवला. इकडे मायदेशी मरीन कोअरही आटत चालले होते. युद्धाच्या अखेरीस 4,85,000 च्या आसपास असलेले संख्याबळ 1950 पर्यंत 75,000 च्याही खाली आले. म्हणून ‘महायुद्ध संपल्यावर’ असे साधे म्हणा. कुठले युद्ध संपले ते त्यात स्पष्ट आहे.

‘बूनडॉक्स’वर मात्र मला थोडे रेंगाळू द्या. अमेरिकी सैनिक 1899 नंतर फिलिपिन्समध्ये लढत होते, तेव्हा त्यांनी तागालोग भाषेतला ‘बुंदोक’ हा शब्द उचलला. बुंदोक म्हणजे डोंगर. सैनिकांच्या तोंडी त्याचे झाले बूनडॉक्स, म्हणजे रस्ते संपतात त्या पलीकडचा सगळा मुलूख, आणि मरिनांनी तो शब्द जगभर फिरवला. त्या मुलखात वापरायच्या खरबरीत चामड्याच्या, घोट्यापर्यंतच्या बुटांना ते ‘बूनडॉकर’ म्हणत. आता कपडे बघा. त्यांचा हिरवट, जाड सुती कामाचा वेश म्हणजे ‘डंगरीज’. हा शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि कोशकार त्याच्यापुढे ‘डुंगरी’ हे जाडेभरडे हिंदुस्थानी कापड देतात. मुंबईतल्या डोंगरीला ते कापड विकले जाई म्हणून हे नाव, अशी त्याची कथा सांगतात. डोंगरी म्हणजे तरी काय, लहान डोंगर. तर अंगात डोंगरी, पायात डोंगरे आणि मुक्काम डोंगरात! वेगवेगळ्या भाषांतले दोन डोंगर त्या पोराच्या अंगाखांद्यावर येऊन बसले होते आणि त्याला पत्ताही नव्हता. (वहीत ‘खाकी’ आले असेल तर तो फारसी धुळीचा शब्द, ‘खाक’चा. त्याला भाषांतराची गरजच नाही.)

म्हणून भाषांतरात डोंगर आणावा का? मोह होतो, पण आवरा. ग्वामवरचे बूनडॉक्स म्हणजे दाट झाडी, वेली आणि चिखल. तिथे शरण न आलेले जपानी सैनिक दडून होते. त्यांच्यातला शोइची योकोई तर थेट जानेवारी 1972 मध्ये सापडला, अमेरिकेने बेट परत घेतल्याला तेव्हा जवळजवळ अठ्ठावीस वर्षे झाली होती. तेव्हा ‘दोन दिवस बूनडॉक्समध्ये’ याचे ‘दोन दिवस रानात’ करा. फार तर ‘आडरानात’. वहीच्या शेवटी, घरी परतल्यावर, हाच शब्द एखाद्या खेड्याविषयी आला असेल तर मात्र ‘रान’ चालणार नाही. तिथे अर्थ होतो आडगाव, आपण म्हणतो ना, जिथे एसटीसुद्धा जात नाही असे गाव. एकच शब्द, पण सतरा वर्षांच्या मरिनाच्या तोंडी एक आणि संसारी माणसाच्या तोंडी दुसरा.

‘गंग-हो’चे तसेच, पण त्याची कुंडली अधिक विनोदी आहे. 1938 साली चीनमध्ये, जपानी आक्रमणाच्या धामधुमीत, औद्योगिक सहकारी संस्थांची चळवळ सुरू झाली. न्यूझीलंडचे रेवी ॲली तिच्या प्रवर्तकांपैकी. त्या लांबलचक चिनी नावातली दोन अक्षरे उचलून लघुनाव झाले ‘कुंग-हो’. एक अक्षर ‘काम’चे, दुसरे ‘मिळून’चे. इव्हान्स कार्लसन हे मरीन अधिकारी त्या सुमारास चीनमध्ये होते आणि कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर हिंडले होते. थोड्याच काळाने आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या सेनेत जखमींवर उपचार करत होते, तीच ही सेना. कार्लसन यांनी ‘मिळून काम’ हा अक्षरार्थ धरला आणि 1942 मध्ये स्वतःच्या रेडर, म्हणजे छापे घालणाऱ्या, बटालियनला ते ब्रीद दिले. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात जिला आपण नुसते ‘सोसायटी’ म्हणतो, तिच्या चिनी लघुनावाची मरिनांनी रणघोषणा केली! ‘सोसायटी, सोसायटी!’ म्हणत शत्रूवर चालून जाणारी पलटण डोळ्यांपुढे आणून पाहा.

पण पुढे शब्द घसरला. एकजुटीचा अर्थ मागे पडून उरला तो उत्साह, आणि मग नको तितका उत्साह. नवा सार्जंट फार गंग-हो होता, असे तुमच्या वहीत आहे. तिथे कौतुक नाही, वैताग आहे. आपल्याकडे ‘शहाणा’चा ‘दीडशहाणा’ होतो त्याच जातीचा. मी ‘सार्जंट सदा बाह्या सरसावलेला’ असे लिहीन. ‘उत्साही’ लिहिलेत तर टोमणा हरवतो.

मरिनाच्या टोपणनावांच्या वाटेला जाऊ नका, हे आगाऊ सांगतो. ‘लेदरनेक’ हे नाव जुन्या गणवेशातल्या चामड्याच्या ताठ गळपट्टीवरून पडले. ‘चामडमान्या’ केलेत तर तो एखाद्या लोककथेतला राक्षस वाटेल. मराठा पलटणीच्या शिपायाला प्रेमाने ‘गणपत’ म्हणतात, त्याचे इंग्रजी तरी कोण करू धजेल?

मथळा ‘पोरसवदा मरीन: ग्वाम आणि त्सिंगतावची नोकरी’ असा काहीसा ठेवून पाहा. त्सिंगताव तसेच असू द्या, वहीत तेच आहे. आजचे नाव छिंगदाओ, हे एकदा सांगितले की पुरे.

आणि एक सावधगिरी. नौसैनिक म्हटलेले न खपणारा हा माणूस बोलतो मात्र जहाजाच्या भाषेत, कोरड्या जमिनीवरसुद्धा. जमिनीला तो ‘डेक’ म्हणेल, भिंतीला ‘बल्कहेड’. तेव्हा शिक्षा म्हणून आठवडाभर ‘हेड’ घासायला लावल्याचे वहीत कुठे आलेच, तर कुणाच्या डोक्याला हात लावू नका. हेड म्हणजे संडास.