साहेब स्वतः खाली का उतरले?

प्रश्न: ‘मिशन राणीगंज’ हा खाणीत अडकलेल्या कामगारांच्या सुटकेचा सिनेमा घरी सगळ्यांनी मिळून पाहिला. नववीतला मुलगा विचारतो, दोराने पाळणा सोडायचा, खालच्याने बसायचं, वर ओढायचं. मग एवढ्या मोठ्या इंजिनिअरला खाली जायची काय गरज? की तो सिनेमाचा मसाला? आणि पाळण्याची युक्ती त्यांचीच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, मसाला नाही. ते इंजिनिअर, जसवंतसिंग गिल, खरोखरच उतरले होते. मी चंद्रपूरकडच्या कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारा, होतो, म्हणून मुलाचा प्रश्न मला फार आवडला.

नोव्हेंबर 1989 मध्ये पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महाबीर कोळसा खाणीत पाणी शिरलं. 6 जण बुडाले, 65 जण आत अडकले. वरून बोअर मारून त्यांच्यापर्यंत पोचायचं ठरलं. आता खालचं चित्र डोळ्यांसमोर आणा. तीन दिवस अंधारात, पाण्याच्या कडेला बसलेली 65 माणसं आणि छतातून अडीच मीटर उंचीची लोखंडी नळी, म्हणजे तुमच्या मुलाचा पाळणा, खाली येते. एका वेळी एकच जाणार. पहिला कोण? नळीत उभं कसं राहायचं, हात कुठे ठेवायचे, हे कोण सांगणार? कोणी घाबरून मध्येच वेडंवाकडं हललं आणि नळी भोकात अडकली, तर मागच्या सगळ्यांची वाट बंद. खाणीत रांग लावायला अधिकाराचा माणूस लागतो. आमच्याकडे साध्या पाळीच्या सुटीलाही केजपाशी, म्हणजे खाणीच्या लिफ्टपाशी, रेटारेटी होई. गिलांनी एकेकाला वर पाठवलं आणि 16 नोव्हेंबरच्या सकाळी स्वतः शेवटी आले.

आम्ही निवृत्त मंडळींनी हा सिनेमा थिएटरात पाहिला. अक्षयकुमार पाळण्यात शिरला तसा आमच्यातला एक जुना सरदार, म्हणजे खाणीतला मुकादम, मोठ्याने ओरडला, “आधी गॅस बघा हो!” खाणीत शिरण्याआधी विषारी वायू तपासायची सवय ती. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

मसाला आहे तो गाण्यात आणि त्या आडव्या येणाऱ्या अधिकाऱ्यात. मला तो अधिकारी नसता तरी चाललं असतं. खरा शत्रू पाणीच. जुन्या, सोडून दिलेल्या खोदकामांत वर्षानुवर्षं पाणी साचतं. मधली कोळशाची भिंत पातळ राहिली किंवा नकाशा चुकला, की एक सुरुंग पुरे. झारखंडातल्या चासनाला खाणीत 27 डिसेंबर 1975 ला असंच साचलेलं पाणी घुसलं आणि 375 माणसं गेली. तिथे वाचवायला कोणी उरलंच नव्हतं. म्हणून सर्व्हेअरचा नकाशा मला नायकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. राणीगंजलाही बोअर नेमका माणसं होती तिथेच उतरायला हवा होता.

गिलांना 1991 मध्ये सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. 2019 मध्ये ते गेले, सिनेमा आला 2023 मध्ये.

आता पाळण्याचं. कल्पना जुनी, जर्मनीतली. तिथल्या डाल्बुश खाणीत 1955 मध्ये अशी नळी पहिल्यांदा वापरली आणि 1963 मध्ये लेंगेडे इथे 11 जणांना तिनेच वर काढलं. पण आपल्याकडे तेव्हा तयार नळी होती कुठे? राणीगंजला ती घाईघाईत बनवून घ्यावी लागली. आणि तिथे बनवलेली जी नळी याआधी कोणी वापरून पाहिली नव्हती, तिच्यात पहिल्यांदा शिरून खाली जाणारा माणूस गिलच होता, हेही मुलाला सांगा.