रेडी घेतली म्हशीच्या भावात

प्रश्न : सर, नमस्कार. मी कोल्हापुरात एका पतसंस्थेत लेखनिक आहे. मुलगा बारावीला, अभ्यास सोडून रात्री दीड वाजता युरोपातल्या फुटबॉलच्या मॅच बघतो. मीही चहा टाकून शेजारी बसतो, तो भाग वेगळा. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून होतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरासाठी हे क्लब शेकडो कोटी रुपये मोजतात, ते वसूल होतात का? मुलगा म्हणतो, एम्बापेकडे बघा. मी म्हणतो, जोआओ फेलिक्सकडे बघ. आमच्या घरी पूर्वी म्हशी होत्या. वडील दोन वेळची धार काढून बघितल्याशिवाय इसार देत नसत. इथे तर न व्यायलेली रेडी दुभत्या म्हशीच्या भावात घेतात. काय खरं ते सांगा, म्हणजे घरात शांतता होईल.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शांतता होईल असं उत्तर माझ्याकडे नाही, पण तुमच्या वडिलांचा दाखला मला फार आवडला. त्यालाच धरून चालू. रेडी घेणारा दूध बघत नाही. तो तिची आई बघतो, बांधा बघतो आणि दोन-तीन वर्षं नुसता चारा घालायची तयारी ठेवतो. क्लबांचं नेमकं इथेच बिघडतं. भाव मोजतात तीन वर्षांनंतरचा आणि चरवी घेऊन उभे राहतात दुसऱ्याच दिवशी सकाळी.

तुमचा फेलिक्स घ्या. जुलै २०१९, वय १९. स्पेनच्या अ‍ॅटलेटिको माद्रिदने पोर्तुगालच्या बेन्फिकाला १२.६ कोटी युरो दिले, म्हणजे तेव्हाच्या दराने हजार कोटी रुपयांच्या घरात. पोराने तोवर वरिष्ठ संघातून एकच मोसम काढला होता, तोही नियमित म्हणाल तर जानेवारीपासून पुढे. एप्रिलमध्ये फ्रँकफुर्टविरुद्ध तीन गोल मारले आणि भाव चढला. त्याच उन्हाळ्यात अ‍ॅटलेटिकोचा ग्रीझमान बार्सिलोनाला गेला होता. त्याची सात नंबरची जर्सी या पोराच्या अंगात चढवली आणि त्याला प्रशिक्षक सिमिओनेच्या हाताखाली दिला. सिमिओनेचा संघ म्हणजे आधी पळा, आडवा, चेंडू काढून घ्या, मग शोभेचं काय ते बघू. फेलिक्सचा खेळ बरोबर उलटा. त्याला बचावफळी आणि मधली फळी यांच्यामधल्या फटीत चेंडू पायावर हवा असतो. पुढे चेल्सी, बार्सिलोना, पुन्हा चेल्सी, मिलान आणि शेवटी सौदी अरेबिया. जानेवारी २०२३ मध्ये चेल्सीकडून पहिल्याच सामन्यात, फुलहॅमविरुद्ध, लाल कार्ड घेऊन बाहेर. तुमचा मुद्दा इथपर्यंत शंभर टक्के मान्य.

आता थोडं माझं सांगतो. मी एका पेठेच्या संघाचा गोलकीपर होतो, गुडघे गेले तोपर्यंत. एके वर्षी आम्ही जवळच्या गावातून सतरा वर्षांचा एक मुलगा आणला. काय डावा पाय होता! गावच्या माळावर त्याने माझ्यावर मारलेला फटका मला दिसलाच नाही, नुसता आवाज आला. त्याला बूट घेऊन दिले, वर्षभराचा खुराक कबूल केला, रोज लिटरभर दूध आणि चार अंडी. आमच्याकडे तो सहा सामन्यांत एकदाही चमकला नाही. दिवाळीला गावी गेला तो परत आलाच नाही. सगळे म्हणाले, खुराक वाया गेला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघातून आमच्याविरुद्धच उतरला आणि माझ्यावर दोन गोल करून गेला. मी गोलपोस्टमध्ये उभा राहून बघितलं, तेव्हा कुठे कळलं. त्या संघात त्याला धावत्या पायात चेंडू देणारा एक जण होता. आम्ही त्याला उभ्या पायावर देत होतो, पाठ गोलकडे आणि अंगावर दोन माणसं. दूध आम्ही पाजलं, गोल मात्र दुसऱ्यांना मिळाले.

म्हणून 'वसूल झाला का' या प्रश्नाला माझा उलट प्रश्न असतो : कुणाला?

उस्मान डेम्बेलेची गोष्ट यासाठी तुम्ही दोघांनी एकत्र बसून बघायला हवी. २०१६ साली जर्मनीच्या डॉर्टमुंडने त्याला फ्रान्समधल्या रेनकडून साधारण दीड कोटी युरोंना घेतलं. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिसच्या पीएसजी क्लबने नेमारसाठी बार्सिलोनाला २२.२ कोटी मोजले. बार्सिलोनाचा खिसा गरम आहे हे साऱ्या बाजाराला ठाऊक. डेम्बेले इकडे डॉर्टमुंडच्या सरावाला जायचाच बंद झाला, क्लबने त्याला निलंबित केलं, आणि शेवटी डॉर्टमुंडने वर्षभरात दीड कोटीचे १०.५ कोटी केले, शिवाय कामगिरीनुसार आणखी चार कोटींपर्यंतच्या अटी. पोरगा वीस वर्षांचा. ला लीगामधली, म्हणजे स्पेनच्या लीगमधली, पहिली मोठी सुरुवात खेताफेच्या मैदानावर. जेमतेम अर्धा तास झाला असेल. बाजूच्या रेषेकडे जाणारा चेंडू टाचेने वळवायला गेला आणि मांडीचा मागचा स्नायू फाटला. शस्त्रक्रिया झाली, काही महिने बाहेर. मग तेच चक्र : परत येणं, पुन्हा जायबंदी होणं. सहा वर्षांत १८५ सामने, ४० गोल. बार्सिलोनाच्या चाहत्यांना विचाराल तर सगळ्यात महागडी चूक म्हणून ज्यांची नावं घेतील त्यात हा असायचाच.

२०२३ मध्ये पीएसजीने त्याला पाच कोटींच्या आसपास नेलं, म्हणजे निम्म्याहून कमी भावात. तिथेही पहिलं वर्ष यथातथाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रशिक्षक लुईस एन्रिकेने त्याला आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी संघासोबत नेलंसुद्धा नाही. आणि मग त्याच एन्रिकेने हिवाळ्यात त्याला उजव्या कडेवरून उचलून मध्यभागी आणला. पुढे खेळायचं, पण स्ट्रायकरसारखं एका जागी उभं राहायचं नाही. खाली यायचं, बचावपटूंना ओढायचं आणि समोरच्या गोलकीपरच्या पायात चेंडू आला की पहिला धावायचा तो यानेच. त्या मोसमात ३५ गोल. ३१ मे २०२५ ला म्युनिकमध्ये इटलीच्या इंटरविरुद्धचा, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना आठवतोय ना? पाच-शून्य. त्या पाचांत डेम्बेलेचा एकही गोल नाही. पण इंटरचा गोलकीपर चेंडू ठेवायचा तेव्हा कॅमेरा डेम्बेलेवर जायचा : पेनल्टी क्षेत्राच्या रेषेवर ओणवा, शर्यतीला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. सप्टेंबरमध्ये बालोन द'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, त्याच्या हातात.

मग हा सौदा वसूल झाला की नाही? बार्सिलोनाला नाही. डॉर्टमुंडला आधीच झाला होता. पीएसजीला तर लॉटरीच. पोरगा तोच, पाय तेच.

रेनाटो सांचेसचंही थोडंफार असंच. २०१६ साली जर्मनीच्या बायर्नने अठरा वर्षांच्या या पोराला साडेतीन कोटी युरोंना घेतलं, पुढे स्वानसीला उसनं दिलं. तिथे चेल्सीविरुद्ध त्याने कडेला सहकारी उभा आहे असं समजून जाहिरातीच्या लाल फलकाला पास दिला होता. मी तो सामना मध्यरात्री बघत होतो. हसलो आणि मग वाईट वाटलं. मैदानावर माणूस हरवला की त्याला असं दिसायला लागतं. दोन वर्षांनी तो फ्रान्समधल्या लील क्लबला गेला आणि २०२१ मध्ये त्यांच्याबरोबर फ्रेंच लीग जिंकला.

तुमच्या मुलाची बाजूही ऐकायला हवी. एम्बापे पीएसजीला खेळाडू म्हणून वसूल झाला हे नाकारता येणार नाही : १८ कोटी युरो, २५६ गोल, क्लबचा विक्रम. पण २०२४ मध्ये करार संपवून तो एक युरो न देता निघून गेला आणि ज्या चॅम्पियन्स लीगसाठी त्याला आणला होता ती क्लबने तो गेल्यावर पुढच्याच वर्षी जिंकली. त्याला सांगा हे, आणि तोंड बघा.

खरं उदाहरण मला व्हिनिसियसचं वाटतं. मे २०१७, वय १६, ब्राझीलच्या फ्लामेंगो क्लबच्या मोठ्या संघातून पदार्पण करून दहा दिवस झालेले, आणि रेआल माद्रिदने ४.५ कोटी युरोंचा सौदा केला. अठरा पूर्ण होईपर्यंत तो ब्राझीलमध्येच राहिला. मग तीन वर्षं स्पेन त्याला हसत होता. गोलसमोर आला की त्याचा पाय लटपटायचा. २०२० साली एका सामन्याच्या मध्यंतरात मैदानाकडे जाणाऱ्या बोगद्यात उभा असलेला त्याचाच सहकारी बेन्झेमा दुसऱ्या सहकाऱ्याला, मेंदीला, फ्रेंचमध्ये सांगताना कॅमेऱ्यात सापडला : याला पास देऊ नको. क्लबने तरीही विकला नाही. मे २०२२ ला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात माद्रिदच्याच वाल्व्हर्देने उजवीकडून चेंडू आडवा हाणला आणि लांबच्या पोस्टपाशी, मागून आलेला, कुणाचंच लक्ष नसलेला व्हिनिसियस. लिव्हरपूल हरलं, एक-शून्य. माद्रिदला चारा घालणं परवडलं, कारण तोवर गोल करायला दुसरे होते. फेलिक्सच्या जागी तसं कुणी नव्हतं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. खेळाडूची किंमत क्लबच्या वहीत एकदम खर्ची पडत नाही. पतसंस्थेत जनरेटरवर घसारा काढता ना, तसाच खेळाडूवर काढतात, कराराच्या वर्षांत वाटून. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर म्हणजे वर्षाला दोन कोटी. आठ वर्षांच्या करारावर सव्वा कोटी. चेल्सीने जानेवारी २०२३ मध्ये मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझ यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले ते उगाच नाही. युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, त्याच वर्षी ही पळवाट बुजवली : करार कितीही लांब असो, घसारा जास्तीत जास्त पाच वर्षांत बसवा. तरुण पोरगा घेण्यामागे हेही एक कारण असतं. विसाव्या वर्षी घेतलेला पंचविसाव्या वर्षी विकता येतो, एकोणतिसाव्या वर्षी घेतलेल्याला पुढे भंगाराचा भाव. डॉर्टमुंडने बेलिंगहॅमला सतराव्या वर्षी आणला आणि तीन वर्षांनी माद्रिदला १०.३ कोटी युरोंना विकला, चौपटीने. डॉर्टमुंडला मी क्लबपेक्षा जनावरांच्या बाजारातला जाणता दलाल समजतो, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय.

माझ्या हातात पैसे असते तर? एकोणीस वर्षांच्या पोरावर हजार कोटी मी लावले नसते. तेच पोरगं दोन वर्षांनी, दुसऱ्याने कंटाळून सोडल्यावर, निम्म्यात घेतलं असतं.

प्रश्न : पहिल्या दिवसापासून पैसे वसूल करून देणारा एकही अठरा वर्षांचा खेळाडू झाला नाही का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : झाला की. वेन रुनी. २००४ च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने एव्हर्टनला अडीच कोटी पौंडांच्या आसपास दिले, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. २८ सप्टेंबरला फेनरबाचेविरुद्ध पहिला सामना आणि तीन गोल. पुढे एकूण २५३. पण बघा, हा काही न व्यायलेली रेडी नव्हता. त्याच इंग्लिश लीगमध्ये एव्हर्टनकडून दोन पूर्ण मोसम खेळला होता आणि त्याच वर्षीच्या युरो स्पर्धेत चार गोल मारले होते. वय अठरा असलं तरी धार काढून बघितलेली होती.

प्रश्न : माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, गावातल्या लहानशा क्लबात खेळतो. उद्या तो परदेशात गेला आणि पुढे त्याच्यासाठी अशी मोठी रक्कम मोजली गेली, तर या क्लबाला काही मिळतं का?
— एक पालक, मडगाव

उत्तर : मिळतं, आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं. करार चालू असताना खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबाकडे विकला गेला, की रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे, असा फिफाचा नियम आहे. बारा ते पंधरा या वयातल्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या पाव टक्का, पुढच्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. दहा कोटी युरोंच्या सौद्यात पाव टक्का म्हणजे अडीच लाख युरो. लहान क्लबाचं मैदान आणि फ्लडलाइट दोन्ही त्यातून होतील. अठरा वर्षांखालच्या मुलाला काही मोजके अपवाद सोडले तर परदेशी क्लबात नोंदवता येत नाही, तेव्हा "पंधराव्या वर्षी युरोपात नेतो" म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजा आणि घरी पाठवा. या पैशावर हक्क सांगायला मात्र मुलगा त्या वर्षी त्याच क्लबात नोंदलेला होता याचा कागद लागतो. तोंडी खेळलेलं धरत नाहीत. क्लबच्या सेक्रेटरीला आजच विचारा, यंदाची नोंदणी झाली आहे का, आणि तिची एक प्रत तुमच्याकडे मुलाच्या जन्मदाखल्याबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. तुमच्याकडे पाऊस फार.