बँकॉकला एकट्यानं जायलात तर हे वाचा ताई

ताई, झेडपीच्या शाळेवर असाल तर तिकिटाच्या आधी परदेश प्रवासाची परवानगी घ्या, तो कागद टेबलावरून टेबलावर फिरतो, तवर तिकीट महागतं. शक्यतो दिवाळीच्या सुट्टीत जा, एप्रिल-मेमधे नको, आपलं परभणीचं ऊन कोरडं असतंय, तिथलं घामानं चिंब करतं.

पहिल्या दिवशी सकाळी साडेआठलाच ग्रँड पॅलेस गाठा, तिकीट ५०० बाट (तिथलं चलन), खांदे न् गुडघे झाकलेले पाहिजेत, पंजाबी ड्रेस एकदम बेस्ट. आता महत्त्वाचं, गेटबाहेर एखादा गोड बोलणारा माणूस भेटेल, म्हणेल "आज पॅलेस बंद आहे, स्वस्तात टुकटुक रिक्षानं फिरवतो", अन् मग नेऊन सोडतो रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात. त्याच्याकडं बघायचंच नाही, सरळ तिकीट खिडकीवर जायचं.

तिथून 'वाट फो' हे बुद्धाचं मंदिर चालत जाण्याइतकं जवळ आहे ('वाट' म्हणजे तिकडं मंदिर). ४६ मीटर लांब झोपलेले बुद्ध! अजिंठ्याची २६ नंबरची लेणी पोरांना दाखवली असेल ना, तिथलं महापरिनिर्वाण आठवेलच, पण हे सोन्यानं मढवलेलं, अन् तळपायांवर शिंपल्याचं नक्षीकाम, ते निवांत बघा, लोकं फोटो काढून पळतात. मग था तियेन धक्क्यावरून नावेनं पलीकडं वाट अरुण.

शाकाहारी असाल तर भाजीतबी फिश सॉस असतो बरं का, पाहुरात भागात भारतीय हॉटेलं आहेत. अन् रात्री टॅक्सीत बसताना मीटर टाकायला लावा, नाही म्हणला की उतरा, दुसरी मिळते.