तीन इमारतींच्या हॉटेलात आयपीटीव्हीसाठी (नेटवर्कवरून टीव्ही) राउटरवर मल्टिकास्ट (एकच स्ट्रीम अनेकांना) राउटिंग लावायचंय. डेन्स मोड चालेल का? आणखी काय काळजी घ्यावी?

डेन्स मोड नको. नेटवर्क छोटं असलं तरी नको. त्यात आधी स्ट्रीमचा सगळीकडे पूर सोडायचा, नको असलेल्यांनी प्रून करायचं, म्हणजे ‘नको’ कळवायचं, आणि मुदत संपली की पुन्हा पूर. स्पार्स मोड लावा, म्हणजे मागेल त्यालाच स्ट्रीम; आरपी (सोर्स आणि मागणारे जिथे भेटतात तो राउटर) लूपबॅकवर, म्हणजे राउटरच्या आभासी इंटरफेसवर, ठेवा. तीन इमारतींना स्टॅटिक आरपी पुरे, फक्त सगळ्या राउटरवर पत्ता तोच हवा. ग्रुप (चॅनेलांचे मल्टिकास्ट पत्ते) 239 च्या रेंजमधले घ्या, पण 239.0.0.x आणि 239.128.0.x टाळा. आयपीचे शेवटचे 23 बिटच मॅकमध्ये (स्विच बघतो तो हार्डवेअर पत्ता) उतरतात, त्यामुळे हे ग्रुप नेटवर्कच्या स्वतःच्या कामासाठी राखीव 224.0.0.x च्याच मॅकवर जाऊन बसतात आणि स्विच ते सरसकट सगळ्या पोर्टांवर सोडतो.

पण तुमचं घोडं राउटरवर नाही, स्विचवर पेंड खाणार आहे.

2018 चा जुलै, फ्रान्स-क्रोएशिया फायनल. गोव्यात कांदोळीच्या एका रिसॉर्टमध्ये सगळा स्टाफ लॉबीतल्या टीव्हीसमोर, आणि चित्र दर चार-साडेचार मिनिटांनी गोठतंय. किचनमधल्या पोरांनी उपाय शोधलेला: रिमोटवर पुढचं चॅनेल, लगेच मागचं, की मॅच पुन्हा चालू. मी तिथंच म्हटलं, हा क्वेरियरचा, म्हणजे ‘कोणाला कोणतं चॅनेल हवंय’ हे ठराविक वेळाने विचारणाऱ्याचा, घोळ. मेंबरशिपची मुदत 260 सेकंद असते, आणि चॅनेल बदललं की टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स नव्याने जॉइन पाठवतो. हेडएंड (चॅनेलं पाठवणारं यंत्र) आणि बॉक्स एकाच व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क), ती व्हीलॅन राउटरपर्यंत नेलेलीच नाही, स्विचवर स्नूपिंग (ज्याने मागितलं त्याच पोर्टवर स्ट्रीम सोडणं) चालू आणि विचारणारा कोणी नाही. आमच्याकडे पोदेर (पाववाला) भोंपू वाजवतो, मग पाव हवे असलेलं घर दारात येतं. भोंपूच वाजला नाही तर कोण कशाला बाहेर येईल?

व्हेंडरचा मुंबईहून आलेला इंजिनियर मात्र मालकांना सांगतोय, "साहेब, गोव्याचा पाऊस, केबलीत ओल शिरलीय." त्याचा दुसरा सल्ला, स्नूपिंग बंद करा. केलं. चाळीस चॅनेलं, एकेक पाच-सहा एमबीपीएसचं, म्हणजे प्रत्येक पोर्टवर दोनशेच्या वर, आणि बॉक्सचा पोर्ट शंभरचा. वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात कमी वेगाने जातं, तेही बसलं. मग अख्ख्या दुसऱ्या मजल्याच्या केबली बदलल्या. त्याच संध्याकाळी मी स्नूपिंग परत चालू केलं आणि कोअर स्विचवर क्वेरियर चालू केला. टीव्ही सुधारले, आणि मालक आजही म्हणतात, "केबल बदलली म्हणून झालं." पात्रांव, तिसऱ्या मजल्याची एकही केबल बदलली नव्हती, तिथले टीव्ही कसे सुधारले?

तेव्हा टीव्हीच्या व्हीलॅनचा गेटवे राउटरवर घ्या आणि त्या इंटरफेसवर पिम (मल्टिकास्ट राउटिंगचा प्रोटोकॉल) लावा, क्वेरियर आपोआप मिळतो. स्नूपिंगला हात लावू नका. इमारतींमध्ये दोन लिंक असतील तर आरपीएफ तपासा: सोर्सकडे जाणारा युनिकास्ट (नेहमीचा, एकाकडून एकाला) रूट ज्या इंटरफेसमधून जातो, स्ट्रीम तिथूनच आला पाहिजे, नाहीतर राउटर तो मुकाट टाकून देतो. इंटरनेटच्या बाजूला पिम नको.

सगळे बॉक्स आयजीएमपी (चॅनेल मागण्याचा प्रोटोकॉल) व्हर्जन 3 बोलत असतील तर 232 च्या रेंजमध्ये एसएसएम (ग्रुपसोबत सोर्सही सांगून मागणं) लावा, आरपीची कटकटच नाही. जुने बॉक्स असतील तर विसरा. आणि टेस्टिंग व्हीएलसीने करणार असाल तर टीटीएल (पॅकेट किती राउटर ओलांडेल तो आकडा) वाढवा. तो 1 असला तर पहिल्याच राउटरवर पॅकेट संपतं आणि लोक कॉन्फिगरेशनला शिव्या घालत बसतात.

केबल कधीच खराब नसते असं माझं म्हणणं नाही. पण खराब केबल असेल तर पोर्टवर सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) दिसतात. आधी ते काउंटर काढा, फोटो मालकांच्या व्हॉट्सॲपवर टाका, मग केबलवाल्याला बोलवा. आमच्या दुसऱ्या मजल्यावर सगळ्या पोर्टांचे शून्य होते.