वाघ वाढले, मग तुटलेल्या जंगलाची काळजी कशासाठी?

प्रश्न : विदर्भात वाघ वाढल्याच्या बातम्या आम्ही नेहमी वाचतो. तरीही एखादा रस्ता, कालवा किंवा खाण मंजूर झाली की भ्रमणमार्ग तुटेल, जनुकीय विविधता घटेल, अशी ओरड होते. वाघ वाढत असताना विविधता घटेल कशी? आणि घटलीच, तर काही वाघ गाडीतून नेऊन दुसरीकडे सोडले की काम भागणार नाही का? (एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : वाघ वाढले, हे खरेच आहे. राष्ट्रीय व्याघ्रगणनेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ वाघ होते आणि त्यांतले बहुतेक सगळे विदर्भातले. मात्र गणनेत वाघ मोजले जातात. ते एकमेकांचे किती जवळचे नातलग आहेत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. चहूबाजूंनी तुटलेल्या एखाद्या जंगलात एक नर आणि दोन माद्या यांच्यापासून वीस वाघ झाले, तर संख्या वाढलेली दिसेल, पण त्या विसांत फिरणारी जनुके त्या तिघांचीच असतील.

विविधता घटते ती अशी. प्रत्येक प्राण्यात एकेका जनुकाच्या दोन प्रती असतात. त्या एकमेकींहून थोड्या वेगळ्या असू शकतात आणि समूहातल्या अशा वेगवेगळ्या प्रती म्हणजेच त्याची जनुकीय विविधता. आईकडून तसेच बापाकडून पिल्लाला त्यांतली एकेकच मिळते. कोणती मिळेल, हे निव्वळ योगायोगावर ठरते. समूह मोठा असेल, तर एका पिल्लात न आलेली प्रत दुसऱ्या कुठल्या तरी पिल्लात टिकून राहते. समूह लहान असेल, तर ती कुणाकडेच न जाण्याचा धोका वाढतो आणि दुर्मीळ प्रती सर्वांत आधी नाहीशा होतात. प्रजननाच्या दृष्टीने समूहाची परिणामकारक संख्या, म्हणजे ढोबळमानाने पुढच्या पिढीला जनुके देणाऱ्या वाघांची संख्या, २५ असेल, तर दर पिढीला सुमारे २ टक्के विविधता कमी होते, म्हणजे दहा पिढ्यांत, वाघांच्या हिशेबाने साधारण पन्नास वर्षांत, सुमारे १८ टक्के. एकच दांडगा नर दोन-तीन किंवा अधिक वाघिणींच्या क्षेत्रावर ताबा ठेवत असल्यामुळे आणि कित्येक नरांना प्रजननाची संधीच मिळत नसल्यामुळे ही परिणामकारक संख्या गणनेतल्या आकड्यापेक्षा बरीच कमी असते, ही बाब चर्चेत फार वेळा सुटून जाते.

ओडिशातील सिमिलिपालचे वाघ हे याचे आपल्याच देशातले उदाहरण आहे. तेथील अनेक वाघांचे काळे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले आहेत की ते जवळजवळ काळे दिसतात. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये दाखवून दिले की एका जनुकाच्या डीएनएतील एकाच अक्षराचा बदल याला कारणीभूत आहे. हा रंग दिसण्यासाठी आई आणि बाप या दोघांकडूनही बदललेली प्रत यावी लागते. असे वारंवार घडते आहे, याचा अर्थ तो समूह छोटा आहे आणि बाहेरच्या वाघांपासून तुटलेला आहे. पर्यटकांना हे काळे वाघ मोठे आकर्षण वाटतात. मला मात्र ते पाहून काळजी वाटते, कारण रंग डोळ्यांना दिसतो, पण त्याच वाटेने साठत जाणारे इतर दोष दिसत नाहीत.

हे सारे वाघाला हातही न लावता कळते. जंगलवाटेवर पडलेल्या वाघाच्या विष्ठेच्या बाहेरच्या थरावर त्याच्या आतड्याच्या पेशी चिकटलेल्या असतात. विष्ठा ताजी असताना तो थर अल्कोहोलमध्ये ठेवून प्रयोगशाळेत नेला, तर पेशींतल्या डीएनएवरून तो कोणता वाघ, नर की मादी आणि कुणाचा नातलग, हे ठरवता येते. अशाच नमुन्यांच्या अभ्यासातून कान्हा, पेंच, सातपुडा आणि मेळघाट येथील वाघांमध्ये मधल्या जंगलपट्ट्यांतून जनुकांची देवाणघेवाण होत आल्याचे स्पष्ट झाले. नागपूरच्या भोवतालचे वाघ अजून सिमिलिपालच्या वाटेने गेलेले नाहीत, याचे मोठे श्रेय या पट्ट्यांना आहे.

मात्र वाघ चालत गेला म्हणजे जनुके पोहोचली, असे होत नाही. टिपेश्वरचा एक तरुण नर २०१९ मध्ये शेते, रस्ते आणि नाले ओलांडत १३०० किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेथे त्याला एकही वाघीण भेटली नाही. वाटेत जिवंत राहणे, पोहोचल्या ठिकाणी जोडीदार मिळणे आणि बछडे जगणे, हे तिन्ही घडले तरच त्या प्रवासाचा उपयोग होतो.

वाघ गाडीतून नेण्याचा उपाय निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतील फ्लोरिडात प्यूमांची संख्या अगदी थोडी उरली, त्यांच्यात वाकड्या शेपट्या आणि हृदयाचे दोष दिसू लागले, तेव्हा १९९५ मध्ये टेक्ससमधून आठ माद्या आणून सोडण्यात आल्या आणि पुढच्या पिढ्यांत ते दोष कमी झाले. सिमिलिपालमध्येही नवे रक्त यावे म्हणून २०२४ मध्ये आपल्या ताडोब्यातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी पाठवण्यात आल्या. त्यांपैकी झीनत तेथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालमध्ये शिरली आणि डिसेंबरअखेर बांकुड्यात तिला बेशुद्ध करून पकडावे लागले. शिवाय गाडी वाघांसाठी मिळते. अस्वल, रानकुत्रे आणि रानगवे यांच्यासाठी ती सहसा कुणी काढत नाही, आणि जंगल तुटल्याचा फटका त्यांनाही बसतो.

म्हणून मूळ वाट शाबूत ठेवणेच अधिक खात्रीचे आहे, आणि ते विकास न थांबवताही जमते. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या महाराष्ट्राच्या हद्दीतील टप्प्यात प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले आहेत, त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा आहे, आणि वाघ त्यांतून जात असल्याचे कॅमेऱ्यांनी टिपले आहे. मात्र पेंचमधून नागझिऱ्याकडे किंवा उमरेड-कऱ्हांडल्याहून ताडोब्याकडे जाणारा वाघ व्याघ्रप्रकल्पाबाहेर पडला की प्रादेशिक वनांतून, धानाच्या बांध्यांतून आणि गावांच्या शिवारातून जातो. तेथे गोसीखुर्दच्या कालव्यासारखे उभ्या काठांचे, निसरडे अडथळेही आहेत. कालव्यांवर प्राण्यांसाठी रुंद पूल हवेत, आणि ज्या शेतकऱ्याची गाय वाटेवरच्या वाघाने मारली त्याला भरपाई महिनोन्‌महिने न रखडता मिळायला हवी, कारण त्याच्या शिवारातून वाघ सुखरूप पुढे जाईल की शेताभोवती लावलेल्या विजेच्या तारेत अडकेल, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.